आरसेबाईचा 'ओ'

कॉल सेंटरमध्ये ती इंग्रजी उच्चार शिकवायची; तिला सगळे आरसेबाई म्हणत. नव्या भरतीतल्या प्रत्येकाच्या हाती ती एक छोटा आरसा ठेवायची. कानांवर तिचा भरवसा नव्हता. "कान लाड करतात स्वतःचे," म्हणायची, "ओठांकडे बघा." इंग्लंडच्या दक्षिणेकडचं गिऱ्हाईक 'नो' म्हणताना 'ओ' शेवटी वळवतं, उत्तरेकडचं तोच 'ओ' सरळ ताणतं, आणि 'कप'मधला 'अ' पार 'उ'कडे झुकवतं. हे सारं तिने जबडा दुखेपर्यंत आरशापुढे घोटलं होतं.

थोरल्या बहिणीची मुलगी भरतीला आली, तेव्हा तिचा 'ओ' काही केल्या वळेना.

"मावशी, घरचीच आहे ना मी? घे सांभाळून."

"मावशी घरी. इथे तोंड उघड."

भाची नापास झाली. ताईने त्या दिवसापासून बोलणं टाकलं. आरसेबाई मनाशी म्हणाली, रुसू दे. खोट्या स्वराला मी खरं म्हणणार नाही. या एका खुंटीवर तिने बहिणीचा अबोला वर्षानुवर्षं टांगून ठेवला.

मग यंत्र आलं. इकडे कुणी कसंही बोलो, पलीकडे पोचेपर्यंत स्वर बदललेले. यंत्राला नमुना हवा होता, म्हणून साहेबांनी तिलाच काचेच्या खोलीत बसवलं. आठवडाभर ती माइकपुढे 'ओ' वळवत राहिली. पुढच्या भरतीत भाची लागली. आरसेबाईचं काम संपलं.

निघताना भाचीने आपल्या कॉलचं रेकॉर्डिंग सुरू करून हेडफोन तिच्या कानाला लावला. "ऐक गं मावशी! तोंड माझंच, होतं तसं. पण 'ओ' बघ, अगदी तुझा!"

पोर मनापासून खूश होती. टोमणा असता तर सोसला असता.

घरी आल्यावर तिने ताईला फोन लावला. ताईने चक्क उचलला.

"सगळं मशीनच करतं म्हणे आता?"

"हो, ताई."



"मग आपण दोघी एवढी वर्षं कशापायी मेलो गं एकमेकींना?"

समोर टेबलावर ऑफिसातून परत आलेल्या आरशांचा ढीग होता. आरसेबाईने तोंड उघडलं. सवयीने ओठ गोल झाले, प्रत्येक आरशात झाले. आवाज आला नाही. ताईने थोडी वाट पाहिली आणि फोन ठेवला.