आजोळाचा रकाना

‘हे वाक्य गाळावे,’ असे समासात तांबड्या पेन्सिलीने लिहून मी कागद मास्तरांकडे सरकवला. त्यांनी वाचून मान डोलावली आणि खाली सही ठोकली. आता फक्त अप्पा वकिलांची सही राहिली होती.

१९३० च्या आसपासची गोष्ट. पुण्याला एक मराठी ज्ञानकोश तयार होत होता. छापण्याआधी त्यातले लेख गावोगावच्या जाणत्या मंडळींकडे तपासायला येत. रत्नागिरीत आम्ही तिघे होतो. वैद्यकासाठी मी, भाषेसाठी हायस्कुलातले मास्तर आणि पुढे कज्जा नको म्हणून अप्पा वकील. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय लेख बोटीच्या टपालात पडत नसे. दर रविवारी अप्पांच्या ओटीवर आमची बैठक असे.

त्या रविवारचा लेख होता हिमोफिलियावर. हा फार क्वचित दिसणारा रोग. आपल्याला विळी लागली तर थोड्या वेळाने रक्त गोठते आणि जखमेवर खपली धरते. या रोग्याचे रक्त लवकर गोठतच नाही. साधा दात काढला तरी माणूस हातचा जातो. लेखात म्हटले होते की, रोग दिसतो मुलग्यांत, पण उतरतो आईकडून. ती स्वतः मात्र ठणठणीत असते.

याच वाक्यावर आमचे घोडे अडले. हे छापले तर मुलींची लग्ने अडतील, असे मास्तरांचे म्हणणे. माझी हरकत निराळी होती. दोन वर्षांपूर्वी मी वेळणेश्वरच्या सदाशिव नावाच्या तरुणाची दाढ काढली होती. चार दिवस रक्त थांबले नाही, पाचव्या दिवशी तो गेला. त्यानंतर त्याच्या घराण्याचा कुलवृत्तांत, म्हणजे वंशावळीचे पुस्तक, छापून आला. मी सात पिढ्या बारकाईने वाचल्या. कोण कशाने गेला ते लिहिलेले होते, पण रक्त वाहून गेलेला एकही नव्हता. तेव्हा हा रोग घराण्यातून येतच नाही, असा मी निष्कर्ष काढला. खरे सांगायचे तर तो निष्कर्ष मला सोयीचा होता. रोग घराण्यातला नसेल, तर दाढ काढण्याआधी काही विचारायचे राहून गेले, असे होत नव्हते.

अप्पांनी टाक दौतीत बुडवला. माजघराच्या उंबऱ्याशी त्यांच्या आत्या वाती वळत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आलेल्या. आमचे सगळे बोलणे त्यांनी ऐकले होते.

“डॉक्टर, त्या पुस्तकात मुली कुठे आहेत हो?”

पुरावा म्हणून आणलेल्या कुलवृत्तांताची पाने मी उलटली. मुली नव्हत्याच. बापाखाली मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे मुलगे. सुनांची फक्त सासरची नावे होती, त्या कोणाच्या कोण याचा पत्ता नव्हता.

आत्यांनी वळलेल्या तीन वाती एकेक करून बाजूला ठेवल्या. पहिली त्यांच्या धाकट्या भावाची. सात वर्षांचा होता, चिऱ्याच्या पायरीवर पडून ओठ फुटला. दुसरी बहिणीच्या मुलाची. मुंजीत न्हाव्याचा वस्तरा लागला. तिसरी सदाशिवाची. त्याची आई याच बहिणीची मुलगी.

“आम्ही बायका आपापसात बोलायचो. आम्हाला कोणी विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. मग हात थांबवून म्हणाल्या, “सदाशिवाची बहीण मथू खालच्या आळीत दिलेली आहे. परवा तिच्या मुलाचे कान टोचायचेत. सोनाराला सांगून झालंय.”

मी हातातल्या पेन्सिलीसकट उठलो. आत्याही मागोमाग निघाल्या. मथूची सासू काही ऐकेना. कान न टोचता मुलगा ठेवला तर लोक काय म्हणतील, हे एकच पालुपद.

“लोकांनी आधी आमचे तीन मुलगे परत आणून द्यावे,” आत्या म्हणाल्या. “मग बोलावं हो.”

सासूने सोनाराला नको म्हणून निरोप धाडला. मथू दहा महिन्यांच्या पोराला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिने मलाच विचारले, “दादाला हे आधी विचारलं असतंत तर?”

“दाढ काढली नसती,” मी म्हणालो. “दुखत राहिली असती. तो वाचला असता.”

ती मुलाला घेऊन आत गेली. ती रागावली असती तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

कान टोचले गेले नाहीत. मुलगा रांगू लागला तशा त्याच्या गुडघ्यांवर निळ्या गाठी येऊ लागल्या आणि शंकेला जागा उरली नाही. गार पाण्याच्या पट्ट्या, विश्रांती आणि आईचा डोळ्यात तेल घालून पहारा, एवढ्यावर तो जगला. आता इंग्रजी शाळेत जातो. बुच्च्या कानांवरून पोरे चिडवतात, तो हसतो.

मथूकडून परत येताच मी माझा शेरा खोडला होता. लेखातले वाक्य कायम ठेवले आणि खाली आत्यांनी सांगितलेली हकीकत कोणाचेही नाव न घालता जोडली. तपासणाऱ्यांत चौथे नाव त्यांचे लिहिले. खंड छापून आला तेव्हा हकीकत होती, नावे तीनच होती. मी तणतणत पत्र पाठवले. यादी नेमलेल्या सभासदांचीच असते, असे उत्तर आले. ते मी आत्यांना वाचून दाखवले. त्यांनी ऐकले आणि पुढची वात वळायला घेतली.

त्या आठवड्यात मी दवाखान्याचे नवे केसपेपर छापून घेतले. नाव, वय, गाव, बापाचे नाव, आणि त्याखाली आजोळ. तो रकाना भरल्याशिवाय मी कोणाच्या दाताला हात लावला नाही.