भिंतीतल्या मम्म्या आणि काळी चड्डी

आमच्या हॉलची भिंत पहिल्यांदा बोलली ती एका मंगळवारी, मी पोरांना वरण-भात भरवत होते तेव्हा.

"रुद्रांश, मांडी घालून बस!" भिंत म्हणाली.

माझ्या हातातला घास अन्वीच्या तोंडाऐवजी तिच्या कानात गेला. सगळी पोरं जागच्या जागी थिजली. रुद्रांशने मात्र वर बघितलं, मुकाट्याने मांडी घातली आणि मला समजावलं, "काकू, मम्मी भिंतीत राहायला आली."

झालं होतं असं. आमची दोन्ही मुलं शिकायला बाहेरगावी गेली आणि घर खायला उठलं, म्हणून मी नांदेडच्या आमच्या राहत्या घरात पाळणाघर काढलं. पाच-सहा पोरं यायला लागली. पोरं सांभाळायची मला हौस. पण पोरासोबत आईबाप येतात आणि त्यांना सांभाळायला दुसरं पाळणाघर लागतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं! रुद्रांशची मम्मी बँकेत. तिच्या सूचना पोरापेक्षा वजनाने जास्त. साखर नको, मैदा नको, मोबाईल नको, फरशीवर बसणं नको, 'नको' हा शब्दही नको (मुलाच्या मनावर परिणाम होतो म्हणे). त्यात रुद्रांश दुपारचा कधी झोपायचा नाही आणि बाकीच्यांनाही झोपू द्यायचा नाही. अन्वीची मम्मी शाळेत शिक्षिका. तिचं एकच म्हणणं, अन्वीकडे जास्त लक्ष द्या. आणि तिसरा आमचा सोन्या. त्याचे आईबाप दोघंही कामावर, पण खरा पालक म्हणजे लोहा गावचे आबा, सोन्याचे आजोबा. नातवाला नांदेडला ठेवलं म्हणून त्यांचा जीव तिकडे टांगणीला. शेतातून फोन यायचा, "बाई, पोरगं जेवलं का? किती जेवलं? भाकर दिली का त्याला, का नुसताच भात चारून राहिल्या?"

तर या सगळ्यांचं समाधान व्हावं म्हणून रुद्रांशच्या मम्मीने सुचवलं, "काकू, कॅमेरा बसवा ना. आम्ही मोबाईलवर बघत जाऊ. तुम्हालाही फोनचा त्रास नाही!"

मला पटलं. आमचे हे बियाण्यांच्या दुकानात मॅनेजर. त्यांनी दुकानाच्या शेजारून वाटीएवढा कॅमेरा आणला, स्वतः स्टुलावर चढून ठोकला (स्टूल मी धरलं, सल्लेही मीच दिले) आणि सगळ्या पालकांना पासवर्ड वाटला. त्या कॅमेऱ्याला कानही आहे आणि तोंडही आहे, ही गोष्ट डब्यावर लिहिलेली होती. डबा आम्ही त्याच दिवशी भंगारवाल्याला दिला.

आता बोला! एका मम्मीने तोंडाचं बटण शोधलं म्हटल्यावर बाकीचे मागे राहतात का? दुसऱ्या दिवशी भिंतीतून अन्वीची मम्मी आली, "काकू, तिला रुमाल लावा." मी रुमाल लावला. "तो नाही, गुलाबी." मी गुलाबी लावला. तेवढ्यात भिंतीत घसा खाकरल्याचा मोठा आवाज झाला आणि पोरं माझ्या पदरात शिरली.

"बाई, आबा बोलून राहिलो, लोह्यावरून! दिसून राहिलं सगळं. लई झ्याक! सोन्या, ए सोन्या, इकडं बघ!"

सोन्या भिंतीजवळ जाऊन भिंतीला मुका देऊन आला.

आबा एकटे नव्हते. त्यांनी मोबाईल पारावर नेला होता आणि लिंबाखाली बसून चार-पाच म्हातारे माझं पाळणाघर क्रिकेटच्या मॅचसारखं बघत होते. मी वाकून फरशी पुसायला लागले की भिंतीतून अनोळखी आवाज यायचा, "कोपरा राहिला बाई." मी कोण बोललं विचारलं तर आबा म्हणाले, "ते आमचे पाव्हणे हायत, जळकोटचे. तुमच्यावर लई खूश हायत."

मी घरात डोक्यावर पदर घेऊन वावरायला लागले. आमचे हे न्हाणीतून टॉवेलवर बाहेर यायचे, ते आता आतूनच ओरडायचे, "अगं, लोहा चालू आहे का?"

"चालू आहे!" मी म्हणायची. मग हे तिथेच थांबायचे, ओले.

कडेलोट झाला तो सोमवारी. रुद्रांशने अन्वीच्या हातातला खेळण्यातला हत्ती ओढला, तिने सोडला नाही, याने तिच्या दंडाला चावा घेतला. मी पोचायच्या आत भिंत कडाडली.

"काकू! त्याने चावलं! मी बघितलं!" ही अन्वीची मम्मी. शाळेतून. मागे पाढे ऐकू येत होते.

"आधी तिने ढकललं, मीही बघितलंय!" ही रुद्रांशची मम्मी. बँकेतून.

"तुमचं पोरगं चावरंय!"

"तुम्ही तिला शेअरिंग शिकवा आधी!"

मी अन्वीला कडेवर घेऊन भिंतीकडे बघत उभी. घर माझं, भिंत माझी, आणि भांडण दोघींचं! त्या कॅमेऱ्यात एका वेळी एकालाच बोलता येतं, त्यामुळे जिने आधी बटण दाबलं तिचं वाक्य पूर्ण आणि दुसरीचं अर्धं. मध्येच संधी साधून आबांनी बटण दाबलं.

"पोरींनो, थांबा थांबा. पाव्हण्यांचं म्हणणं हाय, चूक दोघांची बी हाय."

"हे कोण?" दोन्ही मम्म्या, एकीमागोमाग एक.

"जळकोटचे पाव्हणे," मी सांगितलं. आता मलाही सवय झाली होती.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला काही सुमार राहिला नाही. भिंतीतला आरडाओरडा ऐकून सगळी पोरं रडायला लागली. माझं डोकं फिरलं. समोर दोरीवर सोन्याची काळी चड्डी वाळत होती. मी ती ओढली, स्टुलावर चढले आणि कॅमेऱ्याला कानटोपी घालावी तशी इलॅस्टिक ताणून चढवली. मागची वायर काढायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, पण तोवर दोघींचे साहेब लोक आले असावेत. भिंत एकदम गप्प झाली.

काय ती शांतता! मी पोरांना ओळीने आडवं केलं. बेलचं बटण बंद केलं, मोबाईलचा आवाज बंद केला, दाराला आतून कडी घातली आणि पोरांच्या मधोमध पाठ टेकली. दोन मिनिटं, म्हटलं, फक्त दोन मिनिटं.

आता तिकडे काय झालं ते मला नंतर कळलं.

बँकेत रुद्रांशच्या मम्मीने मोबाईल उघडला. पडद्यावर मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात दोन गोल, उजेडाची भोकं. तिच्याकडे रोखून बघणारी! (चड्डीला पाय घालायला दोन भोकं असतात हे एरवी सगळ्यांना ठाऊक असतं, पण अशा वेळी कोणाला आठवतं?) तिने किंकाळी फोडली. शाळेत अन्वीच्या मम्मीने तेच बघितलं. दोघी मघाचं भांडण विसरल्या आणि एकमेकींना फोन लावला.

"तोंडाला काळं बांधलेला माणूस घरात घुसलाय!"

"नुसता घुसला नाही हो, आवाज ऐका! गुरगुरतोय!"

सगळ्यांनी एकदम बोलायचं बटण दाबलं, त्यामुळे ते ॲप तिथेच अडकलं आणि कोणाचाच आवाज माझ्यापर्यंत आला नाही. मला फोन केले, मी उचलेना. बेल वाजेना. दाराला आतून कडी. लोह्याला आबांनी जीप काढली, पाव्हणे आणि काठ्या आत घातल्या आणि निघाले.

मला जाग आली ती जिन्यावर पाय वाजले म्हणून. डोळे उघडून बघते तर गच्चीच्या जिन्यावरून एक बाप्या दबक्या पावलांनी खाली उतरतोय, हातात चपला! चोर! मागच्या मागे पळावंसं वाटलं. पण पोरं माझ्या भरवशावर होती. न्हाणीच्या दाराशी दिवसभराचे लंगोट भिजवलेली बादली होती. मी ती उचलली, देवाचं नाव घेतलं आणि सगळी त्याच्या अंगावर उपडी केली.

"काकू! मी! रुद्रांशचे पप्पा!"

रुद्रांशचे पप्पा कॉलेजात प्राध्यापक. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट. शेजारच्यांच्या गच्चीवरून आमच्या गच्चीवर उडी मारून पोराला वाचवायला आलेले. आता खांद्यावर एक लंगोट, डोक्यावर एक, आणि चष्म्यावरून जे ओघळत होतं ते पाणीच होतं असं मी शपथेवर सांगणार नाही.

"तो कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"काळा मास्कवाला!"

मी दार उघडलं आणि सगळी वरात आत आली. दोन्ही मम्म्या, उरलेले आईबाप, दुकान टाकून आलेले आमचे हे, आणि काय चाललंय बघायला आलेली अर्धी गल्ली. बादलीच्या आवाजाने पोरं दचकून उठली होती, त्यांनी एवढी माणसं बघून असा गळा काढला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. फक्त एक पोरगं उठलं नाही. रुद्रांश! दुपारचा कधीही न झोपणारा रुद्रांश हातपाय पसरून, तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. त्याच्या मम्मीने आधी त्याच्या नाकाशी बोट धरून बघितलं.

मी गुपचूप स्टुलावर चढले आणि कॅमेऱ्यावरून मास्कवाल्याला उतरवलं. सोन्याने बघितलं आणि रडता रडता ओरडला, "माझी चड्डी!"

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. रुद्रांशची मम्मी माझ्याकडे वळली, आवाज थंडगार. "काकू, हे फार झालं. तुम्ही कॅमेरा झाकलात, दार लावून झोपलात. उद्यापासून आम्ही रुद्रांशला पाठवणार नाही."

"आम्हीपण विचार करू," अन्वीची मम्मी म्हणाली. बाकीचे खाली बघू लागले. एक पोर गेलं की बाकीचीही जातात. पुन्हा ते रिकामं घर, पुन्हा आम्ही दोघं आणि भिंती, त्याही मुक्या. आणि पोरं तर रडतच होती. सात-आठ शिकलेले आईबाप खुळखुळे वाजवत होते, शुक् शुक् करत होते, एकाने तर 'नको' शब्दही वापरला. कोणी ऐकेना.

तेवढ्यात आबांची जीप आली. आबा काठी घेऊन आत शिरले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते चड्डीचं समजलं. पण मग गुरगुरून कोण राहिलं होतं? म्या माझ्या कानानं ऐकलं. वाघावानी!"

"हो, तो आवाज कसला होता?" अन्वीची मम्मी म्हणाली. तिने त्या ॲपमधलं रेकॉर्डिंग शोधलं आणि मोबाईलचा आवाज पूर्ण वाढवला.

हॉल दणाणला. आधी एक लांबलचक घरघर, नळाला पाणी यायच्या आधी येते तशी. मग शिट्टी. मग क्षणभर काहीच नाही (इथे सगळ्यांनी श्वास रोखला) आणि मग ट्रॅक्टर चिखलातून निघावा तसा एक जोरकस झटका!

आणि पोरं गप्प झाली. खरंच! सोन्या चड्डी कवटाळून आडवा झाला. अन्वीने अंगठा तोंडात घातला. दुसऱ्या शिट्टीपर्यंत हॉलमध्ये एकही पोर जागं नव्हतं.

"कूलर," मी घाईघाईने कुजबुजले. "कूलर आहे तो. जुना झालाय."

"कूलर?" प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "कूलर तर गच्चीवर ताडपत्रीखाली आहे. मी त्याच्यावरच पाय देऊन उतरलो."

सगळ्यांनी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. हे दुकानात शेतकऱ्याला बियाणाबद्दल कधी खोटं बोलत नाहीत. तिथे ठीक आहे, पण घरात काय गरज होती?

"लग्न झाल्यापासून ऐकून राहिलो," हे हळूच म्हणाले. "आज तर कमीच होतं."

आबा काठी टेकून जे हसायला लागले ते पाव्हण्यांनी त्यांना खाली बसवेपर्यंत थांबले नाहीत. मग लंगोटासकट प्राध्यापक हसले, मग सगळेच. मी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात चहा टाकायला पळाले. (रडायला की हसायला, ते माझं मलाही ठरवता येईना.) मागून रुद्रांशची मम्मी आली. मला वाटलं, आता शेवटचं काहीतरी सुनावणार. तिने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "काकू, ते रेकॉर्डिंग मी ठेवलं तर चालेल ना? रविवारी हा घरी अजिबात झोपत नाही हो."

रुद्रांश दुसऱ्या दिवशी आला. सगळेच आले. कॅमेरा आम्ही सगळ्यांच्या संमतीने काढून टाकला, आबांची तेवढी नाराजी आहे. आता नांदेडात आणि लोह्यात मिळून कितीतरी घरांमध्ये सुट्टीच्या दुपारी माझं घोरणं लावतात आणि पोरं डाराडूर झोपतात. त्या आवाजाने झोप न लागणारा एकच माणूस मला माहीत आहे. तो लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून बाहेरच्या खोलीत झोपतो, आणि पाहुण्यांनी विचारलं तर सांगतो, "इथं वारं बरं लागतं."