महिपतची पाठ आणि सोनूबाईची फळी

मिरकरवाड्यात महिपत मिस्त्री ओळखायचा तर तोंड बघायची गरजच नाही. जेटीवर उभं राहा, सगळ्यात वाकडा जो चालत येईल तो महिपत. लाँचच्या पोटात, इंजिनाच्या त्या बसक्या खणात शिरून शिरून माणूस असा काही दुमडला होता की घरी जेवायला बसला तरी त्याची बायको हौसा म्हणायची, "अवो, हितं छप्पर उंच हाय. डोकं नाय आपटायचं. सरळ बसा जरा!" तो काही सरळ बसायचा नाही. सरळ बसायलाही अंगात जोर लागतो, आणि महिपतचा सगळा जोर दुसऱ्यांच्या इंजिनांत जिरला होता.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात सोनूबाई खारवीण स्वतःच दारात येऊन उभी राहिली. नवरा गेल्यापासून लाँच तिचीच. समुद्रात तिचा मुलगा लवू जायचा, आणि किनाऱ्यावर बाकी सगळ्यांना ती हाकायची. गेल्या हंगामात तिच्या इंजिनाचं हेड दोनदा गळलं होतं. हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण हो, पण कढईवर ठेवतो तसलं नव्हे. दोन गड्यांनी कण्हत कण्हत उचलावं असं लोखंड. ते घट्ट बसलं नाही की मधलं गॅस्केट फुटतं, सिलिंडरात पाणी शिरतं आणि इंजिन जागच्या जागी गप्प. दोन्ही वेळा लवू दुसऱ्याच्या लाँचला दोरीनं बांधून घरी आला होता.

"भावोजी, नारळी पुनवेला लाँच निघायला पायजे," सोनूबाई म्हणाली. "आनी आपल्या पायानं परत यायला पायजे. तिसऱ्यांदा दोरीनं आली तर माजे खलाशी दुसरीकडं जातील. गेलेच समजा."

"दुसरा मिस्त्री नाय काय गावात?" महिपतनं पडल्या पडल्या विचारलं.

"हाय की. पन त्याला शिव्या द्यायला मला लाज वाटते."

झालं. उठला बिचारा.

खणात उतरून त्यानं पहिला बोल्ट काढला तर बोल्टाच्या टोकावरून काहीतरी थेंब थेंब गळायला लागलं. वास असा की महिपतनं मान फिरवली. मुशी माशाचं तेल! दुसरा काढला, तोच प्रकार. तारेला चिंधी बांधून भोकात घातली, तर चिंधी निथळत वर आली.

"वैनी, ह्या भोकांत तेल कुनी वतलं?"

"मीच," वरून उत्तर आलं, तेही मोठ्या ऐटीत. "गेल्या पावसात तुमी हेड काडून ठेवलं होतं, तवा मी लाँचच्या फळ्यांना तेल देत होते. म्हटलं, ही भोकं उघडी, गंजतील. वाईच वाईच घातलं."

आता हिला काय सांगायचं? खाली बंद असलेल्या भोकात तेल साचलं की बोल्ट त्या तेलावर जाऊन अडतो. हाताला वाटतं, पक्का बसला. आणि हेड मात्र सैलच. बरं, दोष एकट्या तिचाही नव्हता. बोल्ट घालण्याआधी भोकात चिंधी फिरवायची असते हे महिपतला ठाऊक होतं. पण तेव्हाही पाठ दुखत होती, आणि त्यानं फिरवली नव्हती. गॅस्केट बदललं तेव्हाही नाही. हे तो सोनूबाईला बोलला नाही, एवढाही काही तो खुळा नव्हता.

तेल पुसलं, आता तेच बोल्ट आवळून घरी जावं, असं त्याच्या मनात आलं. पण मधला एक बोल्ट आवळता आवळता भोकात नुसताच फिरायला लागला. ब्लॉकचे, म्हणजे हेडखालच्या धडाचे, वरचे आटे झिजून गेले होते. दरवर्षी काढा, दरवर्षी घाला. पोलादी बोल्ट ओतीव लोखंडाला खाणारच. महिपत तिथंच पाय पसरून बसला.

"स्टड घालू या," तो म्हणाला. "आटे पाडलेल्या सळ्या, बोल्टापेक्षा लांब, खालच्या कोऱ्या आट्यांत बसवायचे. एकदा बसले की कायमचे. फुडच्या येळी नुसते वरचे नट काडायचे, ब्लॉकला धक्का नाय."

"मग घाला की! विचारता काय?"

"वैनी, स्टड उभेच राहनार, कुंपनाच्या मेढींसारके. हेड बाजूनं सरकवता येनार नाय, सगळ्यांच्या वर सरळ उचलून खाली सोडायला पायजे. आनी माज्या डोक्यावर ही तुमची डेकची फळी. ती कापायची. वरनं दोरीनं हेड सोडायचं."

सोनूबाईचा आवाज चढला. "लाँचच्या पाठीला करवत? पुनव तोंडावर असताना? ती फळी ह्यांनी सवता बसवलेली हाय! बोल्टच घाला. ह्या वर्षाला चालतील."

"चालतील कदाचित. आनी नाय चालले तर मी परत हितंच. फुडच्या साली परत हितंच." महिपत भांडलासुद्धा नाही. डोळे मिटून म्हणाला, "फळी कापायची नसेल तर ती करवत माज्याच पाठीला लावा, वैनी. सुटेन तरी."

मग सोनूबाई गुडघे टेकून खणाच्या तोंडाशी वाकली. घामानं थबथबलेला, तेलानं माखलेला, दुमडलेला हा माणूस तिनं बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिला. आपल्या नवऱ्याच्या बरोबरीचा, आणि दिसतो केवढा म्हातारा!

"लवू," ती उठत म्हणाली, "बाबल्या सुताराला बोलाव जा. आनी फळी सांबाळून काडा म्हनावं. झाकन करून परत बसवायची हाय."

लेथवाल्याकडून स्टड करून आणले. ह्या खेपेला महिपतनं एकेका भोकात चिंधी फिरवली, बाहेर काढून हुंगली, परत फिरवली, आणि मगच त्यात स्टड बसवला. खलाशांनी वरून दोरीनं हेड सोडलं, खाली त्यानं नुसता तळहात लावून वाट दाखवली. मग मधून बाहेर, बाहेरून परत मध्ये, एकेक नट थोडा थोडा करत आवळला.

नारळी पुनवेला सगळा मिरकरवाडा जेटीवर. महिपत खाटेवर.

"लवूची लाँच निघते हाय. बघायला नाय जायचं?" हौसानं विचारलं.

"हितनं आयकू येते की."

आवाज येत होता, एका लयीत, कुठं अडखळणं नाही. तो दूर दूर जाऊन विरेपर्यंत महिपत छपराकडे बघत राहिला. संध्याकाळी तोच आवाज आपल्या पायानं परत आला, आणि पाठोपाठ सोनूबाई दारात, ताटलीत फोडलेला नारळ घेऊन.

"झोपले काय?" तिनं हळूच विचारलं.

"नाय," आतून महिपत म्हणाला, "पन उठनार नाय."

आणि त्यानं कूस बदलली. ती कूसही दुखतच होती मेली.