ग्रहण सातव्या महिन्यातलं, कान सहाव्या आठवड्यातला

लेकीचे केस मी घरीच कापते. कात्री माझ्या पोटापाण्याची. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे आणि वर्षभर शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाऊज त्यावर असतात. पाच वर्षांच्या पोरीच्या झिपऱ्यांसाठी पार्लर कशाला? पण गेल्या वर्षी एका रविवारी मी कात्री घेऊन मागे बसले, तर तिनं दोन्ही हातांनी उजवा कान झाकून घेतला.

"आई, कान नको कापू."

"वेडी आहेस का? केस कापून राहिली ना मी."

"एकदा कापला होता तू. आजीनं सांगितलं."

तिचा उजवा कान जन्मापासून लहान आहे. शेंगदाण्याएवढी मांसाची घडी, आणि भोक नाही. मी कात्री खाली ठेवली. दुःखापेक्षा संताप जास्त होता.

माझ्या सासूबाई वाईट बाई नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरंच तोंडसुख घेणार आहे. लॉकडाऊनच्या वर्षी मला सातवा महिना होता. लग्नंच नव्हती तर ब्लाऊज कुठले, मी घरी मास्क शिवत होते. त्यात भर दिवसा सूर्यग्रहण लागलं. सासूबाईंनी पडदे ओढले, पिण्याच्या पाण्यात तुळशीची पानं टाकली आणि मला म्हणाल्या, "कात्री ठेव वं. पोटातल्या लेकराचं काही कापलं जाईन."

"ग्रहण सूर्याले लागलं, आई. माह्या कात्रीले नाही." असं म्हणून मी कापत राहिले. जीभ माझी पहिल्यापासूनच अशी आहे.

मुलगी झाली तेव्हा सासूबाईंनी दुपट्यातला कान पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. बोलायला बारशापासून सुरुवात झाली आणि मग पाच वर्षं थांबली नाही. लग्न असो, हळदीकुंकू असो, कोणी पोरीच्या कानाकडे टक लावून पाहिलं की त्यांचं सुरू, "ग्रहणात कात्री चालवली हिनं." नवरा म्हणायचा, आईचं मनावर घेऊ नको. नवऱ्यांना तेवढंच म्हणता येतं. मी भांडायचे, डॉक्टरांचा दाखला द्यायचे. डॉक्टरांनी जन्माच्या दिवशीच सांगितलं होतं की तुमची काही चूक नाही. पण असं ते सगळ्याच आयांना सांगत असतील, असं मला वाटायचं. बाहेर मी भांडत होते आणि आतून कबूल करत होते. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी मात्र ठरवलं. लोकांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं. माझी लेक माझ्या हाताला भ्यायला लागली होती, आणि ते मी चालू देणार नव्हते. ही गोष्ट घरातून मुळासकट उपटायची.

लेकीला हेअरबँडला लावायचं एक यंत्र आहे, त्यातून कवटीच्या हाडावाटे ऐकू येतं. त्याच्या तपासणीला गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंना मी सरळ विचारलं, "कान नेमका कोणत्या दिवसांत बनतो? मले आठवडे सांगा."

असं आजवर कोणी विचारलं नसावं. त्यांनी केस पेपर उलटा केला आणि पेन काढलं. चौथ्या आठवड्याच्या आसपास डोक्याच्या दोन्ही बाजूंना कातडीची एकेक जाडसर चकती तयार होते, ती आत बुडते, तिची पिशवी होते आणि पुढे तीच शंखासारखी वळते. तो आतला कान. माझ्या लेकीचा तो अगदी ठणठणीत आहे. बाहेरचा कान सुरू होतो पाचव्या-सहाव्या आठवड्यात. एका खाचेभोवती सहा उंचवटे येतात, तीन अलीकडे, तीन पलीकडे, आणि तेही पार खाली, मानेजवळ. जबडा वाढतो तसे ते वर सरकतात आणि सरकता सरकता एकमेकांत मिसळून जातात.

"म्हणजे सहा तुकडे जोडून एक कान?"

"तसंच म्हणा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तो कानासारखा दिसायला लागतो."

"आणि सातव्या महिन्यात?"

"तेव्हा बाळ ऐकत असतं," त्या हसल्या. "सातव्या महिन्यात तुम्ही काही कापलं असेल, तर फार तर तिनं कात्रीचा आवाज ऐकला असेल."

मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. सहावा आठवडा म्हणजे जानेवारीचा शेवट. तेव्हा मी लग्नसराईचे ब्लाऊज शिवत होते आणि मला नुसता संशय आला होता. ग्रहणाला अजून पाच महिने होते. माझ्या धंद्यात आधी कापतात, मग जोडतात. इथं कापणं नव्हतंच कुठे, सगळं जोडणंच होतं, आणि माझ्या लेकीचे उंचवटे पुरते वाढले नव्हते. मला तिथंच रडू कोसळलं. डॉक्टरबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

"मग असं झालं कशानं?" मी डोळे पुसत विचारलं.

"बहुतेक वेळा कारण सापडत नाही," त्या म्हणाल्या.

सोनारानंच कान टोचावे म्हणतात. आजीनं सांगितलेलं आजीनंच पुसायला हवं होतं. मी दहादा सांगितलं तरी ती आरोपीचीच साक्ष. दुसऱ्या दिवशी सासूबाई कणीक मळत होत्या. मी परातीतून चिमटी घेतली, सहा गोळ्या केल्या आणि ओट्यावरच्या पिठात बोटानं खाच ओढून तिच्याभोवती मांडल्या. सगळं सांगितलं, आठवड्यांसकट.

त्या मळायच्या थांबल्या नाहीत. "मंग हा कशानं झाला?"

"माहीत नाही."

"डॉक्टरले?"

"त्यायलेही नाही."

"मंग तुमचा डॉक्टर कोन्या कामाचा?" म्हणाल्या आणि माझा कान गोळा करून पुन्हा कणकेत टाकला.

मला खूप राग आला. पण एक कळलं. ग्रहणाच्या गोष्टीत कारण होतं, माझ्या 'माहीत नाही'मध्ये नव्हतं. कारण असलं की माणूस त्याला धरून राहतो. मी रोज सांगत राहिले. चहा देताना, भाजी निवडताना, न चिडता, आणि न चिडणं हेच माझ्यासाठी सगळ्यात अवघड होतं. त्या हूं की चूं करायच्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "मानेपाशी निघते म्हणतं तू कान?"

महिनाभरानं मौद्याला, सासूबाईंच्या बहिणीकडे, डोहाळजेवण होतं. तिच्या सुनेचं. ओटी भरून झाली आणि बहीण सुनेला समजावू लागली, "ग्रहणात सुरी-कात्रीले हात लावजो नोको. पाह्य, या पोरीचं काय झालं!" आणि तिनं सगळ्यांसमोर माझ्या लेकीकडे बोट केलं. लेकीचा हात कानाकडे गेला. मी तोंड उघडणार तोच सासूबाई बोलल्या.

"ग्रहण सातव्या महिन्यात होतं. कान सहाव्या हप्त्यात बनते. मोजता येत नसन तर चूप बस वं."

लेक आजीच्या मांडीजवळ सरकली. "मग माझा कान कोणी कापला?"

"कोनीच नाही कापला, माय. तो तेवढाच बनला." सासूबाईंनी तिचा हात कानावरून काढला. "तुया आईनं काही नाही केलं. आजी चुकीचं बोलली."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मग उठली आणि माझ्या मांडीवर येऊन बसली, उजवा कान माझ्या छातीशी टेकवून.

परतीच्या बसमध्ये लेक खिडकीशी, आम्ही दोघी शेजारी शेजारी. मौदा मागे पडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पाच वर्षं एवढी भांडली, पन हे असं मोजून काहून नाही सांगितलं?"

"मोजाची भीती वाटे," मी म्हणाले. "मलेही ते खरंच वाटे, आई."

त्या समोरच्या सीटच्या दांड्याला घट्ट धरून बसल्या होत्या.

"मले वाटे," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी म्या तुया हातातून कात्री ओढून काहून नाही घेतली."