मामांचं जर्मन घराणं

निरुपयोगी माहितीनं आमच्या अहमदपूरच्या मामांइतका गच्च भरलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. शाळेत भूगोल शिकवत होते तोवर बरे होते. निवृत्त झाले, हातात मोबाईल आला आणि त्यात त्यांना जर्मनीतलं चारशे वर्षांपूर्वीचं एक सरदार घराणं सापडलं. लोक म्हातारपणी देवाला लागतात, हे त्या घराण्याच्या लग्नांना लागले. कुठल्या काउंटाला, म्हणजे तिकडच्या सरदाराला, किती लेकी, कुठली कुठं दिली, कुठली हुंड्यावाचून मठात बसली, सगळं तोंडपाठ. बोलायचेही असे, की ती मंडळी जणू मोंढ्याच्या धान्यबाजारामागं राहतात. "आपल्या धाकट्या काउंटानं चुलतबहीणच केली," असं ते भर पंगतीत सांगत आणि शेजारचा पाहुणा घास हातात धरून गाव कोणतं म्हणून विचारी. मामी एकदा मला म्हणाल्या, "त्या गोऱ्या बायांची बाळंतपणं पाठ हायेत ह्यांना. माझा कोणता गुडघा दुखतोय ते ठावं न्हाई."

असल्या माणसाला सोयरिकीला नेणं म्हणजे शुद्ध आत्मघात. तरी वडीलधारे म्हणून आम्ही माझ्या मेहुण्यासाठी मुलगी बघायला त्यांना शिरूर अनंतपाळला नेलं. मुलीच्या वडिलांनी रीतीप्रमाणे मामेकुळाची चौकशी केली. मामांनी पोहे येण्याआधीच काउंटाच्या तीन पिढ्या उलगडल्या, त्यात एका विधवेचं दिराशी झालेलं लग्नही आलं. ही विधवा आमच्याच घरातली, असा त्या गृहस्थांचा समज झाला. सोयरीक तिथंच मोडली. परतीच्या एसटीत आम्ही कपाळाला हात लावून बसलो. मामा खिडकीतून सोयाबीन बघत होते, अगदी समाधानानं.

मग त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, नांदेडला दवाखान्यात नर्स होती ती, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न ठरवलं. मामांचे दोघे भाऊ चाकूरहून आले. घराणं, रक्त, बरोबरी, दुपारभर तेच चाललं. लेक दाराशी उभी होती. मी मनात म्हटलं, आता हा गृहस्थ जर्मनीत शिरणार आणि पोरीचं वाटोळं करणार. मामा शिरलेच.

"त्या घराण्यानं शेवटपर्यंत बरोबरीचंच बघितलं," ते म्हणाले. "बरोबरीचं मिळंना तवा चुलतभावांनाच दिल्या पोरी. पोरं जगंनात. शेवटी वारसच राहिला न्हाई. मी रोज वाचतोय ते. माझ्या पोरीचं मला तसलं करायचं न्हाई."

थोरल्या भावानं, लग्नाला आमची वाट बघू नको, एवढंच सांगितलं आणि दोघे चहा न घेता उठले.

लग्न नांदेडला झालं. मामा नवा फेटा बांधून कार्यालयाच्या दारात उभे. मुलाकडची माणसं येत होती, वाकून नमस्कार करत होती; आमच्या बाजूनं फारसं कुणी नव्हतं. लग्नाची वेळ होत आली, गुरुजींनी दोनदा निरोप धाडला, तरी मामा हलेनात. मी बोलवायला गेलो. ते रस्त्याकडेच बघत होते.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "जरा शेजारी थांबा. एकट्यानं उभं राहिलं की दार लई मोठं दिसतंय."

मी थांबलो. एक गाडी वेग कमी करत आली. मामांनी फेटा सारखा केला. गाडी पुढं निघून गेली.