तेलकट सहामाही

सहामाहीच्या उत्तरपत्रिकेचा कागद तेल फार छान टिपतो. वर्तमानपत्राच्या दुप्पट. हा शोध आमच्या आईने लावला आणि त्यासाठीचं साहित्य मी पुरवलं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. बी.एस्सी. झालो आणि डोक्यात समाजसेवा शिरली. कवठे महांकाळजवळच्या एका खेड्यात वर्षभरासाठी बिनपगारी मास्तर झालो. (पगार नसल्यामुळे रुबाब जास्त करावा लागायचा!) सातवीला गणित शिकवायचो आणि पहिल्याच दिवशी मी गरजलो होतो, "पेपरवर तेलाचा डाग दिसला की दोन मार्क कट!"

या नियमापायी चाचणीत सुनंदा नावाची पोरगी एका मार्काने नापास झाली. घरच्या भाकऱ्या, कालवण उरकून शाळेत यायची ती, हाताला तेल असणारच. पण मी कसला ऐकतोय! तिचे वडील शाळेत आले. "गुरुजी, सहामाहीला पास झाली तर ऱ्हाऊ दे साळंत. न्हाई तर शेरडं हाइतच की राखाय." तेव्हा कुठे त्या दोन मार्कांची किंमत मला जरा कळली.

दिवाळीच्या सुट्टीत एकतीस पेपरांचा गठ्ठा घेऊन मी वाईला घरी आलो आणि तो स्वयंपाकघरातल्या रद्दीवर ठेवला. "उद्या तपासतो" असं मी रोज म्हणायचो आणि रोज मनापासून म्हणायचो. पाचव्या दिवशी दुपारची झोप काढून उठलो, तर आई चकलीचा दुसरा घाणा काढत होती आणि एका चकलीच्या भोकातून मला 'सरासरी काढा' दिसलं.

"आई! अगं, हे मुलांचे पेपर आहेत!"

"मग तपासलेले का नाहीत?" झारा न थांबवता आई म्हणाली. "लाल शाईची एक रेघ नाही त्यावर. चार दिवस रद्दीवर पडलेली वस्तू म्हणजे रद्दीच."

"अगं, मी तपासणार होतो!"

"गेल्या दिवाळीला तू माळाही आवरणार होतास."

मी हाताला लागतील तेवढे पेपर गोळा केले. मोजले तर घरात एकोणीस पेपर. उरलेले बारा फराळाच्या ताटांवर झाकून आळीभर गेले होते! मी अनवाणीच शेजारच्या काकूंकडे पळालो.

"काकू, मघाशी आईने फराळ पाठवला ना?"

"हो रे! चकली काय खुसखुशीत झालीय!"

"तो परत हवाय."

काकूंचा हात चकलीसकट हवेतच थांबला. "म्हणजे कागद! नुसता कागद!" मी ओरडलो, पण तोवर उशीर झाला होता. तिसऱ्या घरी पोचायच्या आत बातमी माझ्यापुढे पोचली होती. "पगार नाही ना बिचाऱ्याला," असं म्हणत एका आजींनी माझ्या खिशात चार करंज्या कोंबल्या. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे अकरा पेपर आणि सतरा करंज्या जमल्या होत्या आणि आयुष्यभर पुरेल एवढी अब्रू गेली होती. बारावा पेपर नव्हता. आणि नेमका तोच सुनंदाचा!

"तुझे दाजी सकाळी सांगलीला परत गेले ना," आईला आठवलं. "त्यांच्या डब्यात लाडवांखाली घातला होता बहुतेक."

दुसऱ्या दिवशी सुट्टी गुंडाळली, उरलेला गठ्ठा बरोबर घेतला आणि एसटीने सांगलीला ताईचं घर गाठलं. ताईचे सासरे म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. पेपर त्यांच्यासमोर टेबलावर होता. आणि लाल शाईने तपासलेला!

"लाडवांखाली सापडला. उत्तरं लिहिलेली दिसली, मग राहवेना," ते म्हणाले. "पन्नासपैकी एकेचाळीस. पोरगी हुशार आहे. पण पेपर न तपासता फराळाला देणारा हा मास्तर कोण गाढव?"

"मीच," मी म्हणालो. आणि घाईघाईत वर विचारलं, "तेलाच्या डागाचे दोन मार्क कापले नाहीत?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही गणित तपासता की धुणं?"

मला तिथल्या तिथे जमीन दुभंगावी असं वाटलं. चाचणीतली सुनंदा आठवली आणि खरंच लाज वाटली. उरलेले तीस पेपर त्यांच्याच घरी बसून, त्यांच्याच लाल पेनाने तपासले. त्यांनी मला चहा दिला. लाडू दिला नाही.

शाळा उघडली. मी पेपर वाटायला लागलो आणि वर्गभर चकलीचा वास सुटला. पोरं उत्तरं बघायची सोडून कागद हुंगत बसली. सुनंदाने एकेचाळीस मार्क पाहिले, दोनदा पाहिले, आणि उभी राहिली.

"गुरुजी, पेपरला डाग हाय."

"आहे खरा."

"लय हाय! तुमी म्हनला हुता, डागाला दोन मार्क कट."

"ते डाग तुमचे नाहीत. आमच्या घरचे आहेत," मी कसंबसं म्हणालो. "आणि सुनंदा, तुझे चाचणीचे दोन मार्कही परत. तिथंही तू पास."

पोरगी खाली बसेना. "मग तुमचं मार्क कट करा की गुरुजी!"

सगळा वर्ग बाकं बडवायला लागला. काय करणार? मी फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं, पुढे शून्य मांडलं आणि विचारलं, "एकतीस पेपर, प्रत्येकी दोन मार्क कट. किती कापायचे?"

"बासष्ट!" शेवटच्या बाकापर्यंत एकसुरात उत्तर आलं. मी गणित एवढं चांगलं शिकवलं होतं, हे मला तेव्हाच कळलं.

त्या सहामाहीला सातवीत फक्त एकच जण नापास झाला, आणि तो फळ्याजवळ खडू घेऊन उभा होता.