चोवीस महिन्यांत भट्ट्या : शून्य

माझा धाकटा जावई भट्टीच्या आत बसून काम करतो असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे दयेनं बघतो. मग मी सांगतो, अहो, भट्टी तेव्हा थंड असते, जाळ पेटवायच्या आधी तो बाहेर येतो. एवढं ऐकून निम्मी मंडळी उठून जातात. उरलेल्या निम्म्यांसाठी ही हकीकत.

काचेच्या कारखान्यातली भट्टी म्हणजे एक मोठी खोलीच. तळ विटेचा, भिंती विटेच्या आणि वर विटेचीच कमान. आत काच पाकासारखी पातळ होऊन वाहते आणि रात्रंदिवस, वर्षानुवर्षं जाळ चालू असतो. सहा-सात वर्षांनी विटा झिजतात. मग भट्टी विझवायची, जुन्या विटा काढायच्या, नव्या बसवायच्या. हे बसवण्याचं काम जावईबापूंचं. साधा गवंडी दोन विटांमध्ये बोटभर चुना भरतो. यांच्या सांध्यात पत्त्यातलं पान जाता कामा नये. शिवाय वीट तापली की फुगते, म्हणून ठरावीक जागी मुद्दाम फट सोडायची. कुठे सोडायची आणि कुठे नाही, यातच सगळं शहाणपण.

हा माणूस बोलतो फार थोडं. पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा तासभर माझ्या डोक्यामागच्या भिंतीकडे बघत बसला होता. मला वाटलं, लाजतोय. निघताना चपला घालता घालता म्हणाला, "भिंत उजवीकडे झुकलीय. दोन सूत असेल." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तो गेल्यावर मी ओळंबा लावून बघितलं. दोन सूतच. बायकोला म्हटलं, पोरगी द्यायला हरकत नाही, पण याला घरात जास्त वेळ बसवायचं नाही.

असो. गोष्ट यंदाची. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी धाकटीकडे तीन आठवडे राहायला गेलो होतो. तिच्या गावातल्या कारखान्याची मोठी भट्टी नऊ वर्षं चालून यंदा विझणार होती. ती भट्टी आमच्याच जावयानं बांधलेली. तेव्हा हे काम पुन्हा त्याच्याकडे येणार, यात कुणालाच शंका नव्हती. त्याने थापी घासून ठेवली होती. पण एक दिवस तो संध्याकाळी घरी आला, एक कागद टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेला तो बराच वेळ बाहेर आलाच नाही.

नवा डोळा मिळाल्यापासून मी दिसेल ते वाचत होतो, अगदी साबणाच्या वेष्टनापर्यंत. तो कागदही वाचला. दूरच्या एका शहरात उंच इमारतींना फरशी बसवायचं काम, दोन वर्षांचा करार, राहण्याची सोय एकट्यापुरती. शुक्रवारपर्यंत सही करून द्यावी.

"हे कुठून आलं?" मी धाकटीला विचारलं.

"एजन्सीनं दिलंय, आप्पा. भट्टीच्या कामाला यांचं नाव लागलं नाही."

तीन वर्षांपासून कारखान्यानं कंत्राटी माणसं स्वतः घेणं बंद केलं होतं. माणसं लागली की एजन्सीला कळवायचं, एजन्सीनं यादी पाठवायची. ही व्यवस्था आल्यानंतरचं भट्टीचं पहिलं काम हेच. म्हणून हा घोळ आजवर कुणाच्या ध्यानातच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर एजन्सीत गेलो. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, "तुम्ही बोलणार दोन शब्द. उरलेले कुणी बोलायचे?"

काचेचं दार, चार खुर्च्या, एक कुंडी. टेबलामागे एक मुलगी, वय पंचविसाच्या आत, बोलायला गोड. तिने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. वर जावयाचं नाव, खाली रकाना: गेल्या चोवीस महिन्यांत केलेल्या भट्ट्या. त्यापुढे शून्य.

"जास्त भट्ट्या केलेला माणूस वर येतो, आजोबा," ती म्हणाली. "आम्ही वरचे बारा पाठवतो. काकांचं शून्य आहे, म्हणून ते एकतिसावे."

"शून्य का?" मी जावयाला विचारलं.

"केलीच नाही एकही."

"का नाही केली?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू मी विचारलं, पाणी ओलं का असतं. "मामा, या भागात भट्ट्या पाच. पाचही मी बांधल्यात. एकही मोडली नाही. मग करू कुठली?"

ती मुलगी टाइप करायची थांबली. मग जरा आवाज खाली करून म्हणाली, "काका, एखादी बारीकसारीक दुरुस्ती तरी केली असेल ना? तेवढी घालू. एक आकडा आला की तुम्ही निदान बाराच्या आत याल."

"माझ्या भट्टीला दुरुस्ती लागली नाही," तो म्हणाला. आवाजात गर्व नव्हता. रकान्यात खोटं घालायचं नव्हतं, एवढंच.

"पहिला कोण आहे?" मी विचारलं.

"नावं सांगता येत नाहीत. पण चौदा भट्ट्या आहेत त्यांच्या."

दोन वर्षांत चौदा. जावयाचा चेहरा बघण्यासारखा झाला. एक भट्टी बांधायला दोन महिने लागतात, हे मला तोवर पाठ झालं होतं. मी बोटांवर हिशेब केला. माणसाला झोपायलाही सवड उरत नव्हती.

इथे एजन्सीची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर म्हाताऱ्याने एकतर्फी लिहिलं म्हणाल. पूर्वी काम ओळखीवर मिळायचं. ओळख फोरमनची. जावयाच्या आधीच्या काळात एका फोरमननं आपला मेहुणा गवंडी म्हणून लावला होता. कमानीची वीट एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद असते आणि अरुंद टोक आत यावं लागतं. मेहुण्यानं तीन दिवस उलट्या बसवल्या. चौथ्या दिवशी कमान कशी वळत नाही म्हणून विटांच्या कारखान्याला शिव्यांचं पत्र गेलं. तिकडून उत्तर आलं, विटा फिरवून बघा. त्या दिवसांत फाटकाबाहेर किती चांगले कारागीर बसून राहिले असतील, त्यांना कुणी विचारलं नाही. एजन्सी आल्यावर निदान अनोळखी माणसालाही दार उघडलं. विमा आला, हजेरी लिहिली जाऊ लागली, कुणी आजारी पडला तर बदली माणूस यायला लागला. तेव्हा ती मुलगी काही राक्षसीण नव्हती. चूक त्या एका रकान्यात होती.

तिथून आम्ही कारखान्याच्या फाटकावर गेलो. फोरमन जुना, जावयाला अरेतुरे करणारा. तो फाटकापाशीच येऊन बोलला.

"माझे हात बांधलेत रे. खरेदी खात्याचा नियम आहे. यादीबाहेरचा माणूस आत घेता येत नाही."

"तुम्हांला माहीत आहे ना याचं काम?" मी म्हटलं.

"नऊ वर्षं बघतोय. पण मला माहीत असून काय उपयोग, कागदाला माहीत पाहिजे." मग त्याने डोकं खाजवलं. "मॅनेजर बाई गुरुवारी असतात. काहीतरी लिहून आण. तोंडी चालणार नाही. आणि तू तोंडी बोललास तर त्यांना कळणारही नाही."

आज मंगळवार, शुक्रवारी सही. घरी आलो तेव्हा धाकटीनं ओटा पुसता पुसता विचारलं, "मग?" जावई चपला काढून सरळ आत गेला. पुसलेला ओटाच ती पुन्हा पुसायला लागली. नात पाचवीत. बाबा दोन वर्षं जाणार हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण ती बापाच्या मागे मागे फिरत होती. जावई मात्र एव्हाना मनाने फरशी बसवायला गेल्यासारखाच दिसत होता. म्हणाला, "दोन वर्षं काय, निघून जातील."

मला राहवेना. आमच्या गावच्या शाळेत मास्तर एक गोष्ट करायचे. मुलाला उत्तर आलं नाही की ते छडी काढायच्या आधी स्वतःचा प्रश्न परत तपासायचे. निम्म्या वेळा प्रश्नच चुकलेला निघायचा आणि छडी तशीच राहायची. मी म्हटलं, "जावईबापू, उत्तर बरोबर आहे तुमचं. त्यांचा प्रश्न बदलू."

"म्हणजे?"

"किती भट्ट्या केल्या ते नको. केलेल्या भट्ट्यांचं पुढे काय झालं ते लिहू."

धाकटी शाळेत कारकून. कागद आखण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिने रेघा मारल्या: भट्टी कुठली, कधी पेटली, विझली का, मधे किती वेळा बंद पडली. जावई सांगत गेला. तारीख, वार, पेटवायच्या दिवशी वारा कुठला होता, सगळं तोंडपाठ. लग्नाची तारीख विचारली तर हाच माणूस कॅलेंडर शोधतो. तसं धाकटीनं त्याला ऐकवलंही. बंद पडल्याच्या रकान्यात पाचही ओळींत शून्य आलं. शून्यांकडे बघून बरं वाटावं, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

गुरुवारी मॅनेजर बाईंनी कागद उभ्या उभ्याच हातात घेतला. चष्मा वर केला, खाली केला, मग बसल्या.

"हे खरं आहे?"

"फोन करून विचारा," जावई म्हणाला.

त्यांनी खरंच केला. जावयाची भट्टी असलेल्या दुसऱ्या कारखान्याला एक, आणि मग बोलता बोलता एजन्सीच्या यादीतल्या पहिल्या माणसाबद्दल या भागाबाहेरच्या तिसऱ्याच एका कारखान्याला. आम्हांला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "हो. चौदा. अच्छा... सगळ्या तुमच्याकडेच? एकच भट्टी?" मग बराच वेळ नुसतं "हं".

फोन ठेवून त्या फोरमनकडे वळल्या. "त्या माणसानं एक भट्टी बांधली. ती दर दीड-दोन महिन्यांनी गळते. तो दर वेळी जाऊन लिंपतो. प्रत्येक खेप एक काम म्हणून धरली गेलीय."

कुणी खोटं बोललं नव्हतं, बघा. तो माणूस जितक्या वेळा गेला तितक्या खेपा त्यानं सांगितल्या, मुलीनं सांगितलं तितकं लिहिलं, संगणकानं लिहिलं तसं लावलं. अशी ही गंमत, की ज्याची भट्टी गळते तो पहिला आणि ज्याची गळत नाही तो एकतिसावा.

"पण नियम," फोरमन म्हणाला.

"नियमात एकटा माणूस घेता येत नाही," बाई म्हणाल्या. "कामगार हवा तर एजन्सीकडून. पण पूर्ण काम अंगावर घेणारं पथक असेल, तर ते मी थेट घेऊ शकते. तुमच्याकडे माणसं आहेत?"

"आहेत सहा."

"विमा, हजेरी, सुरक्षेची कार्डं?"

जावयाचं तोंड उतरलं. विटांच्या पुढचं हे सगळं त्याला भुतासारखं वाटतं.

"मग ते एजन्सी बघेल," बाई म्हणाल्या. "त्यात त्यांचा हात बसलेला आहे, तेवढ्याचे पैसे त्यांना द्यायचे. माणूस निवडायचा मात्र भट्टीपाशी. एवढी एक भट्टी अशी करून बघू. जमलं तर पुढच्यालाही असंच."

आम्ही बाहेर आलो. जावई फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसला आणि त्याने तिथूनच एजन्सीच्या मुलीला फोन लावला.

"फरशीचं काम दुसऱ्या कुणाला द्या. चांगलं काम आहे, पण मला नको."

तिला कारखान्यातून आधीच कळलं होतं. म्हणाली, "बरं झालं, काका. आणि तो रकाना बदलायचा म्हणून मी साहेबांना सांगितलंय. काय लिहू तिथे?"

जावयानं थोडा विचार केला. "सध्या किती चालू आहेत, ते विचारा."

तिने त्याच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं आणि लिहून घेतलं.

माझे तीन आठवडे संपले होते. डॉक्टरांनी डोळा उत्तम आहे म्हणून सांगितलं. मी घरी तेवढं कळवलं नाही. कमान बसेपर्यंत मला हलायचं नव्हतं. कमान बांधताना खालून लाकडी आधार दिलेला असतो. शेवटची वीट ठोकली की तो आधार हळूहळू खाली घेतात, आणि मग कमान स्वतःच्या वजनावर थोडी बसते. किती बसेल याचा गवंड्यानं आधीच अंदाज बांधलेला असतो. जास्त बसली तर सगळं उतरवून पहिल्यापासून.

आधार काढायचा दिवस रविवारचा. सकाळपासून धाकटी एकाच पातेल्याशी खुडबूड करत होती. नात खिडकीत. अकराच्या सुमारास माझ्या फोनवर फोन आला.

"मामा, बसली."

"किती?"

"दीड सूत."

"म्हणजे चांगलं का वाईट?"

"मी दोन धरलं होतं," तो म्हणाला, आणि मागे सहा माणसं एकदम बोलताना ऐकू आली.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. धाकटीनं माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलेल.

"जेवायला घरी येताय का?" तिने विचारलं.

"येतो."

फोन ठेवून ती तिथेच, ओट्याला टेकून खाली बसली आणि पाय लांब केले. नातीनं विचारलं, "काय झालं आई?"

"काही नाही," ती म्हणाली. "बसलेय जरा."